खवल्या मांजराखाली माझा नंबर

मी पेंटर आहे. गावात मला नावानं कुणी हाक मारत नाही, पेंटर म्हणतात, आणि घरचे सोडले तर माझं नाव कुणाला आठवत असेल असंही वाटत नाही. ट्रॉल्यांवर नावं, शाळेच्या भिंतीवर पाढे, देवळाच्या कमानीवर मोर, किराणा दुकानांचे बोर्ड, सगळं करून झालंय. फ्लेक्स आला आणि बोर्ड गेले. पण खडबडीत भिंत अजून फ्लेक्सवाल्याच्या बापाला जमलेली नाही, म्हणून आमची चूल पेटते. घराण्यात पूर्वी मेंढरं होती. वडलांनी ती विकून निरगुडसरात शेती धरली आणि मी ब्रश धरला.

माझा एक नियम आहे. भिंतीवर आधी आपला नंबर टाकायचा, मग चित्र. लोक हसतात, हसू द्या. मंचरच्या एका पेंटरनं एकदा माझ्या मोराखाली स्वतःचा नंबर टाकला होता. मोर माझा, पिसारा माझा, दोन दिवस शिडीवर मान माझी आखडली, आणि पुढची कामं मात्र त्याला. तेव्हापासून भिंतीला पांढरा हात मारून वाळला की खालच्या उजव्या कोपऱ्यात मी पहिल्यांदा लाल रंगात लिहितो 'पेंटर', आणि पुढं मोबाइल नंबर, लांबून दिसेल असा. भिंत आपली झाली की मग बाकीचं.

गेल्या दिवाळीच्या आधी पुण्याहून एका संस्थेच्या मॅडम आल्या. जंगली जनावरांची शिकार थांबावी म्हणून गावोगावी चित्रं काढून घ्यायची होती त्यांना. आमच्या गावात त्यांनी डेअरीची भिंत निवडली, कारण सकाळ-संध्याकाळ सगळं गाव तिथं दूध घालायला येतं. त्यांना बिबट्या हवा होता. डेअरीच्या सेक्रेटरीनं तिथंच हात जोडले.

"बिबट्या नको, मॅडम. माझी कालवड न्हेली त्यानं. 'बिबट्या वाचवा' म्हणून लिवलंत तर लोक दुधाचे कॅन भिंतीवर मारत्याल."

त्यात खोटं काहीच नव्हतं. आमच्याकडं ऊस आणि बिबट्या एकाच रानात वाढतात, आणि ज्याच्या गोठ्यावर तो येऊन गेलाय त्याला चित्र दाखवून काय सांगणार? मॅडमनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "मग खवल्या मांजर काढा. त्याची तर फारच चोरटी शिकार होते." त्यांनीच मग समजावून सांगितलं. खवल्यांसाठी मारतात. कुणी म्हणतं औषध, कुणी म्हणतं मंतर, गुप्तधन सापडतं म्हणे. बिचाऱ्याला दात नसतात, मुंग्या आणि वाळवी खातं. माणूस आला की पळत नाही, अंगाचा गोळा करून बसतं, आणि गोळा झालेलं जनावर पोत्यात भरायला लई सोपं.

"चित्रावरचा मजकूर मी पुण्याहून पाठवते," जाताना त्या म्हणाल्या. "साहेबांना दाखवावा लागतो." मी म्हणालो, पाठवा सावकाश. त्या सावकाशीनं पुढं माझा पार बाजार उठवला.

त्यांनी मोबाइलवर धाडलेल्या फोटोत जनावर गोळा होऊन बसलेलं. मला ते चालताना काढायचं होतं. नेटवर शोधलं तर ढिगानं फोटो निघाले, पण कुठलं आफ्रिकेतलं, कुठलं चीनमधलं, कुणाला कळतंय! आपल्याकडचं वेगळं असतं, असं मॅडम बजावून गेलेल्या. आणि माझा स्वभाव असा, की बैल काढायचा तर मी आधी बैलासमोर जाऊन उभा राहतो. निदान बैल पाहिलेल्या माणसासमोर तरी. म्हणून मी विचारत सुटलो.

पहिल्यांदा गेलो चुलत्यांकडं. ते अजून मेंढरं राखतात. घाट उतरून कोकणात जायच्या आधी त्यांचा मेंढरांचा वाडा लोणीच्या एका शेतात बसला होता. चहा झाला, घरच्या चौकश्या झाल्या, आणि मी विचारलं, "काका, खवल्या मांजर पाहिलंय का कधी?"

काकांनी बशी खाली ठेवली. "कुणी पाठवलं तुला?"

"कुणी नाही. चित्र काढायचंय."

"न्हाई पायलं," ते म्हणाले. "आमच्या वाड्यावर कुणीच न्हाई पायलं. कुत्र्यांनीबी न्हाई पायलं."

म्हणजे पाहिलेलं होतं. माझा चेहरा पाहून त्यांनीच मग हळू आवाजात सांगितलं, की बाबा रे, त्या जनावराची चौकशी करणारी माणसं दोनच जातीची. एक घेणारे आणि दुसरे त्या घेणाऱ्यांच्या मागावर असलेले. दोघांना उत्तर एकच द्यायचं असतं. "तू चित्रासाठी आलास म्हणतुयास, पन असं म्हननारा तू पयलाच." सख्खा चुलता, लहानपणी मला खांद्यावर घेऊन फिरलेला, आणि माझ्याकडं असा बघत होता जसा मी खिशात टेप लावून आलोय. मला राग आला. पण निघताना त्यांनी नेहमीसारखी लोकर भरून दिली नाही हे माझ्या नंतर लक्षात आलं, तेव्हा राग गेला आणि वाईट वाटलं.

पुढं जिथं विचारलं तिथं तेच. लोणीच्या हॉटेलात विषय काढला तर बाकावरची माणसं एकदम पावसापाण्याचं बोलायला लागली. मंचरला रंगाच्या दुकानात मालकानं मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "पेंटर, तुम्ही पण का यात?" मी म्हणालो कशात? तो म्हणाला, काही नाही, काही नाही, आणि ऑइलपेंटचा डबा दोरीनं बांधायला लागला.

शेवटी फोटोवरूनच भिंतीवर चौकोन पाडले आणि बाह्यरेघ ओढली. खवले भरत आणले, पाठीवर, पोटावर, पायांवर, जिथं जागा दिसेल तिथं. संध्याकाळी बायको दूध घालायला आली. कॅन खाली ठेवून कमरेवर हात देऊन तिनं चित्र पाहिलं.

"प्वाटाला खवलं नसत्यात त्याच्या," ती म्हणाली. "प्वाट मऊ असतं. आन पिल्लू शेपटीवर बसतं, आईच्या."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. माझ्या बायकोचं माहेर डिंभ्याचं, धरणाच्या वरच्या अंगाचं, आणि मी जगाला विचारत हिंडत होतो. "तू कुठं पाहिलंस?" मी विचारलं.

तिनं आधी आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिलं. मग सांगितलं. ती लहान असताना तिच्या वडलांनी एक धरून आणलं होतं. पाटीखाली, म्हणजे मोठ्या टोपलीखाली झाकून वर दगड ठेवला होता. तिनं आणि तिच्या थोरल्या भावानं पाटी उचलून पाहिलं, तर पोटाशी पिल्लू घेऊन गोळा झालेलं. तिनं बोट लावलं तर पोट गरम लागलं. सकाळी जीपमधून माणसं आली आणि दोन्ही घेऊन गेली. "दादा लई रडला व्हता," ती म्हणाली. "मार खाल्ला बाच्या हातचा, तरी रडत व्हता." एवढं बोलून तिनं कॅन उचलला आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

मी पोटावरचे खवले खरवडून काढले, शेपटीवर पिल्लू बसवलं, चित्रात जीव आला. पण खरं सांगतो, त्याच वेळी माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती. सासरा तर वारला होता. पण ज्या घरात ते जनावर एकदा पाटीखाली झाकलं गेलं, त्या घराला ते धरायचं कसं आणि द्यायचं कुणाला ते ठाऊक असणारच, असं मला वाटून गेलं. मी तो विचार झटकला. झटकलेला विचार कुठं जातो? तिथंच कोपऱ्यात बसतो.

पहिला फोन आला तेव्हा मी शिडीवर होतो. पलीकडून कुणीतरी विचारलं, "रेट काय चाललाय?" मी फुटाचा रेट सांगितला.

"फुटावर कुठं असतं राव? किलोवर असतंय."

"अहो, भिंत काय तराजूत घालायची?" मी म्हणालो. त्यानं फोन कापला. मला वाटलं दारू प्यायलेला असेल.

दुसऱ्या फोनवरचा माणूस शहाणा होता. त्यानं नीट विचारलं, "ते भिंतीवरचं तुम्ही घेता का देता?" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. शिडीवरून उतरलो, रस्ता ओलांडला आणि पलीकडून परक्या माणसासारखं भिंतीकडं पाहिलं. एवढं थोरलं खवल्या मांजर, आणि त्याखाली लालभडक नंबर. मजकुराचा एक शब्द नाही. जाहिरातच की ती! सिमेंटच्या जाहिरातीत असंच असतं, वर पोतं आणि खाली डीलरचा नंबर.

नंबर मी तेव्हाच पुसला. पण कुणीतरी आधीच फोटो काढून ग्रुपवर टाकला होता आणि तो कुठंकुठं हिंडत होता देव जाणे. मॅडमना फोन लावला. म्हणालो, मजकूर पाठवा, नाहीतर मी आत जातो. त्या म्हणाल्या साहेब परगावी आहेत, आणि मग एकदम त्यांचा आवाज बदलला. "फोन येतायत? मग येऊ द्यात. बोलत राहा त्यांच्याशी. कोण, कुठला, काढून घ्या. काही पक्कं कळलं की वनखात्याला कळवा, मी एका गार्डचा नंबर देते. आणि घरी-दारी कुणाला बोलू नका."

आता मी काय पोलीस आहे? पण खोटं कशाला बोलू, मला त्यात मजा वाटली. फोन आला की मी परसात जायचो आणि दबक्या आवाजात विचारायचो, "किती किलोचं हाय? जितं का मेलेलं? कुठलं?" बहुतेक सगळे वायबार. कुणाकडं नुसते खवले, कुणाचं जनावर मित्राच्या मित्राकडं. पक्कं काही नव्हतं म्हणून गार्डला मी काही कळवलं नाही. इकडं डेअरीवर मी गेलो की बोलणी बंद व्हायची. सेक्रेटरी एकदा म्हणाला, "पेंटर, तुमचं काय असंल ते असंल, डेअरीचं नाव त्यात नको." माझं काय असंल ते म्हणजे? मी विचारलं तर तो रजिस्टरात डोकं घालून बसला. घरीही काहीतरी बिनसलं होतं. बायको बोलत होती, वाढत होती, पण मी परसातून आत आलो की माझ्या तोंडाकडं टक लावून पाहायची. मला वाटलं, दिवाळीच्या कामानं थकली असेल.

मग तो फोन आला. पोरगेला आवाज होता. "पावणं, जितं हाय. डिंभ्याला यावं लागंल, कालव्याच्या पुलाजवळ टपरी हाय तिथं."

"कधी?" मी विचारलं.

तो अडखळला. आणि त्याच्या मागून कुणीतरी हळूच सांगितलं, "दुपारचं म्हन. उंद्या दुपारचं, काय?"

माझा मेव्हणा, बायकोचा थोरला भाऊ, दर वाक्याच्या शेवटी 'काय' लावतो. जेवून घ्या, काय? गाडी सावकाश हाना, काय? लग्नात मंगलाष्टकं चालू असतानासुद्धा भटजींना म्हणाला होता, आवरतं घ्या, काय? तो आवाज मी हजारात ओळखीन.

रात्रभर म्हणा किंवा झोप लागेपर्यंत म्हणा, मी तेच उगाळत होतो. हा माणूस धरणात मासे धरतो, वरच्या तुकड्यात भात करतो. सासरा वारल्यावर बहिणीचं लग्न यानंच लावलं. माझ्या बायकोला माहेर म्हणून हा एकच माणूस. लहानपणी त्या जनावरासाठी मार खाणारा हा, आणि आज हाच ते विकायला निघाला? पण माणूस बदलतो, आणि कुठंतरी पाणी मुरतंय हे मला आधीच वाटलं होतं ना. गार्डचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. कळवलं तर मेव्हणा आत जाणार, जामीनसुद्धा लवकर नाही. बायको भाऊबीजेला कुणाला ओवाळणार? नाही कळवलं तर ते जनावर जाणार. आपलेच दात आणि आपलेच ओठ. शेवटी ठरवलं, एकट्यानं जायचं, जनावर सोडायला लावायचं, मेव्हण्याला दोन शिव्या घालायच्या, आणि ही गोष्ट दोघांनी पोटात ठेवून मरायचं.

सकाळी बायकोला म्हणालो, मंचरला जातो, रंग आणायचाय.

"कुठला?"

"तपकिरी."

"तपकिरी हाय की डब्यात."

"कमी पडंल," मी म्हणालो. ती आणखी काही बोलली नाही. चटणीभाकरी बांधून दिली आणि मी वळणावर जाईपर्यंत दारात उभी होती, जी एरवी कधी उभी राहत नाही.

मंचरहून घोडेगावची एसटी मिळाली. पुढं डिंभ्याची गाडी येते का नाही हे स्टँडवरच्या कंट्रोलरलाही सांगता येईना, मग जीपमध्ये कोंबून घेतलं. पुलाजवळ उतरलो. टपरीवर बाकड्यावर मेव्हणा बसलेला. शेजारी एक चौकड्याचा शर्ट घातलेला अनोळखी माणूस चहात बिस्किट बुडवत होता. हाच घेणारा किंवा मध्यस्थ, मी मनात म्हणालो.

मला पाहून मेव्हण्याचं तोंड उतरलं. "आलात म्हंजे," तो म्हणाला.

"आलो. कुठं ठेवलंय?"

"काय कुठं ठेवलंय?"

"उगा येड्याचं सोंग करू नका, पावणं. पोत्यात हाय का पाटीखाली? आधी ते सोडू, मग बोलू."

"मी ठेवलंय?" तो उठून उभा राहिला. "घ्यायला तुमी आलाय, दाजी. रोकड घेऊन आलाय का उधारीवर न्हेताय, काय?"

आम्ही दोघं एकमेकांकडं असे बघत राहिलो की टपरीवाल्यानं स्टोव्ह बारीक केला. तेवढ्यात चौकड्याच्या शर्टवाल्यानं उरलेलं बिस्किट तोंडात टाकलं, हात पुसले आणि खिशातून ओळखपत्र काढून माझ्यासमोर धरलं. तो वनखात्याचा गार्ड होता. जनावर तिथं नव्हतंच. कधीच नव्हतं. मेव्हण्यानं माझा नंबर ग्रुपवरच्या फोटोत पाहिला होता, आणि मी खरंच या धंद्यात आहे का हे बघायला गार्डला सांगून मासे धरणाऱ्या एका पोराच्या फोनवरून मला बोलावलं होतं. आणि मी गेलो होतो.

मी सगळं सांगितलं. नंबर आधी टाकायचा माझा नियम, मजकूर न आल्याची गोष्ट, मॅडमनी फोनवर बोलत राहायला सांगितलेलं. सांगताना माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. गार्ड मान हलवत ऐकत होता, कुठल्याही चोराचं ऐकावं तसं. मग त्यानं मॅडमना फोन लावला. त्या बोलल्या तेव्हा त्याचा चेहरा जरा निवला.

"ठीक आहे," तो म्हणाला. "पण मग आजच्या या फोनचं आम्हाला का नाही कळवलंत? नंबर तर होता तुमच्याकडे."

मी जमिनीकडं बघत म्हणालो, "मागं ह्यांचा आवाज ऐकला म्हणून."

मेव्हणा परत बाकड्यावर बसला. गार्डनं माझ्या फोनमधले आधीच्या लोकांचे नंबर उतरवून घेतले, म्हणाला यातलं एखादं कामाला येईल, आणि पुढच्या वेळी चित्राखाली नंबर टाकताना डोकं वापरा असं सांगून मोटारसायकलला किक मारून गेला.

राहिलो आम्ही दोघं. "सख्ख्या बहिणीच्या नवऱ्यावर गार्ड घातलात," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "लाज न्हाई वाटली?"

"वाटली," तो म्हणाला. "सकाळपासनं दोनदा माघारी फिरलो व्हतो. पन तिनंच सांगितलं व्हतं, काय?"

"कुणी?"

"बहिणीनं. तुमी परसात किलो इचारत व्हता ते ऐकलं तिनं. मला फोन केला. म्हनली, दादा, खोटं असंल तर लई बरं. खरं असंल तर धरून दे, माझ्या तोंडाकडं बगू नगंस."

त्यानं चहा सांगितला. मी प्यायलो नाही. परतीच्या गाडीत मी एवढा तापलो होतो की शेजारच्यानं विचारलं, पावणं, बरं हाय ना? लग्नाला एवढी वर्षं झाली, आणि ही बाई माझ्याशी एक शब्द न बोलता मला तुरुंगात घालायला निघाली होती. चटणीभाकरी बांधून देऊन! घोडेगावपासून निरगुडसरपर्यंत मी मनात एकएक वाक्य जुळवत होतो, आणि प्रत्येक वाक्यात माझीच बाजू खरी होती.

घरी पोहोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "मिळाला का तपकिरी?" भावाचा फोन आधीच येऊन गेला होता, ते तिच्या आवाजातच कळत होतं. सुटकेनं हलका झालेला आवाज होता तो. पण मला तेव्हा काही ऐकूच येत नव्हतं.

मी सगळं ओकलो. संशय घेतलास, भावाला पुढं केलंस, गार्डासमोर माझी अब्रू घालवलीस. एकदा तोंडावर विचारायला काय झालं होतं?

"इचारलं असतं तर खरं सांगितलं असतं?" ती म्हणाली. "मंचरला जातो म्हनून डिंभ्याला गेला तुमी."

"गेलो ते कुणासाठी?" मी म्हणालो. आता माझ्याकडं हुकमाचं पान होतं आणि मी ते टाकलं. "तुझ्या भावासाठी गेलो. मला वाटलं त्यानंच जनावर धरलंय. गार्डचा नंबर होता माझ्याकडं, तरी कळवलं नाही. तुझं माहेर तुटू नये म्हणून एकटा गेलो. तू मला धरून द्यायला निघालीस, आणि मी त्याला वाचवायला निघालो होतो. आता बोल."

मला वाटलं होतं तिचे डोळे भरतील. निदान एक बरा शब्द तरी बोलेल. मला तो शब्द फार हवा होता, ते मी नाकारत नाही. तिच्या हातातली भाकरी तशीच राहिली. तव्यावरच्या भाकरीकडंही तिचं लक्ष नव्हतं.

"म्हंजे दादानं खरंच धरलं असतं," तिनं सावकाश विचारलं, "तर तुमी गप ऱ्हानार व्हता?"

"जनावर सोडायला लावलं असतं की."

"आन दादाला?"

"दादाला कसं..." मी म्हणालो आणि थांबलो.

"दादाला सोडला असता. मंग म्होरल्या टायमाला त्यानं दुसरं धरलं असतं." ती माझ्याकडं बघत होती, पण रागानं नव्हे. मला पहिल्यांदाच बघत असल्यासारखं बघत होती. "बाच्या वक्ताला बी समदी अशीच गप बसली व्हती. आपलाच मानूस म्हनून. मी तुमाला सोडनार न्हवते, दादाबी सोडनार न्हवता. तुमी सोडनार व्हता. आन चित्र तुमी काढताय."

मला बोलायचं खूप होतं, घोडेगावपासून जुळवलेलं सगळं, पण त्यातलं एकही वाक्य याला लागू पडेना. मी हातपाय धुवून पाटावर बसलो. तव्यावरची भाकरी करपली होती. तीच तिनं माझ्या ताटात वाढली, आणि मी ती मुकाट्यानं खाल्ली.